केबल निघाली आणि राउटर सुरू झाला

घरच्या सीएनसीवर, म्हणजे कॉम्प्युटरच्या आज्ञांवर कोरणाऱ्या मशीनवर, सागवानी लाकडात नावाच्या पाट्या कोरायला लागून मला दोन वर्षं झाली. मशीन साधंच आहे. अ‍ॅल्युमिनियमची फ्रेम, ठरावीक पावलांनी फिरणाऱ्या तीन स्टेपर मोटर, अर्डुइनो उनो हा छोटा कंट्रोलर बोर्ड, त्यावर बसवलेली सीएनसी शील्ड म्हणजे मोटरी जोडायचा बोर्ड आणि आत जीआरबीएल हे मशीन चालवणारं सॉफ्टवेअर. कोरायला सुतारकामातला हातात धरायचा छोटा राउटर, भुसा ओढायला व्हॅक्यूम क्लीनर. पाटी सुरू करायची म्हणजे आधी राउटरचं बटण, मग व्हॅक्यूमचं, मग लॅपटॉपवर स्टार्ट. एकदा पाटी कोरून झाल्यावर अर्धा तास राउटर तसाच फिरत राहिला आणि मी आत फोनवर बोलत बसले होते. बाहेर येऊन पाहिलं तर राउटरला हात लावणं मुश्किल, इतका तापलेला. त्याच संध्याकाळी ठरवलं, चालू-बंद मशीननेच करायचं. फाइलमध्ये एक आज्ञा आली की सुरू, दुसरी आली की बंद. मधे एक रिले, म्हणजे छोट्या करंटने चुंबक ओढून मोठी लाइन चालू-बंद करणारा स्विच.

पुण्यात तपकीर गल्लीत दोन रिलेंचा तयार बोर्ड मिळाला. निळे चौकोनी रिले, वर छापलेलं: १० अ‍ॅम्पिअर, २५० व्होल्ट. रिलेची कॉइल, म्हणजे आतल्या चुंबकाची गुंडाळी, ५ व्होल्टवर साधारण ७० मिलीअ‍ॅम्पिअर घेते. अर्डुइनोच्या एका पायाची (पिनची) शेवटची मर्यादा ४० मिलीअ‍ॅम्पिअर, आणि सुखाने चालवायचा तर २०च्या आत ठेवायचा. म्हणून नुसता रिले पायाला जोडून चालत नाही, मधे करंट वाढवायला ट्रान्झिस्टर लागतो आणि कॉइल सुटतानाचा झटका जिरवायला तिच्यावर उलटा डायोड लागतो. बोर्डावर ते दोन्ही असतं. म्हणूनच मी बोर्ड घेतला आणि आता फक्त वायरी जोडायच्या राहिल्या, अशा समजुतीत घरी आले.

पहिली अडचण पिनची. शील्डवर स्पष्ट छापलंय ‘स्पिंडल एनेबल’; स्पिंडल म्हणजे बिट फिरवणारा भाग, माझ्याकडे राउटर. तिथे वायर लावली, एम३ (स्पिंडल सुरू करायची आज्ञा) दिला, काहीच नाही. एक अख्खा रविवार मी बोर्डाला दोष देत होते. खरं कारण असं की जीआरबीएलच्या ०.९ आवृत्तीपासून स्पिंडलचा वेग कमीजास्त करायची सोय आली. त्यासाठी पीडब्ल्यूएम, म्हणजे झपाट्याने चालू-बंद होऊन वेग ठरवणारा सिग्नल, देणारा पाय हवा. उनोत ११ नंबरच्या पायाला ती सोय आहे, १२ला नाही. म्हणून स्पिंडल ११वर गेला आणि झेड अक्षाचा (वर-खाली हालचालीचा) लिमिट स्विच, म्हणजे मशीन टोकाला आलं की कळवणारा स्विच, १२वर आला. माझ्या शील्डवरची छपाई त्याआधीची. म्हणजे मी स्पिंडल म्हणून वायर लावली होती ती लिमिटच्या पायाला.

मग वायर ११वर नेली. आता रिले चक्क गुणगुणायला लागला. फाइलमध्ये वेग कमालपेक्षा कमी लिहिलेला होता, त्यामुळे ११ नंबरचा पाय सेकंदाला शेकडो वेळा चालू-बंद होत होता आणि रिले बिचारा त्याच्यामागे धावायला बघत होता. असा रिले फार दिवस टिकत नाही. मला राउटरचा वेग फाइलमधून बदलायचाच नव्हता, तो राउटरवरच्या चकतीने ठरतो. म्हणून ११चा नाद सोडला आणि शील्डवरच्या ‘कूलंट’च्या, म्हणजे बिट थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या, पायाकडे वळले. तो ए३. एम८ दिला की चालू, एम९ दिला की बंद, मधलं काही नाही. माझ्याकडे कूलंट नाहीच, त्यामुळे तो पाय मोकळा होता.

२३० व्होल्टच्या बाजूला आधी राउटर लावला नाही, साधा १०० वॉटचा पिवळा बल्ब लावला. ही सवय वडिलांची. गावी त्यांच्याकडे लाकडी फळीवर होल्डर आणि दोन वायरी असा सिरीज बोर्ड कायम टांगलेला असायचा. काहीही नवीन असो, आधी बल्बवर.

बल्ब उलटा चालला. एम९ दिला की पेटे, एम८ दिला की विझे.

आमच्या सोसायटीत कामाला येणारे वायरमनदादा तेव्हा शेजारच्या फ्लॅटमध्ये होते. त्यांना दाखवलं. त्यांनी रिलेच्या तीन स्क्रूंकडे बोट केलं. त्यातला एनओ म्हणजे एरवी उघडं टोक, एनसी म्हणजे एरवी जोडलेलं. “ताई, उलटं चालतंय ना? मग वायर एनओची काढून एनसीला लावा. संपला विषय.” लावली. खरंच संपला. एम८ला पेटला, एम९ला विझला. मीही खूश, दादाही खूश. खरोखर दिवाच चालवायचा असता तर त्यांचं उत्तर चुकीचं म्हणताच आलं नसतं.

एक गोष्ट मात्र मी त्याच दिवशी पाहिली होती आणि सोडून दिली होती. लॅपटॉपवर ‘कनेक्ट’ दाबलं की बल्ब एक-दोन सेकंद पेटून विझायचा. वाटलं, सुरुवातीला होत असेल असं काहीतरी.

आठवड्याने बल्बच्या जागी राउटर आला. तीन-चार पाट्या छान झाल्या. मग एका दुपारी मी बिट, म्हणजे कोरणारं पातं, बदलत होते. फाइल संपलेली, एम९ होऊन गेलेला, राउटर शांत. कोलेटचं, म्हणजे बिट धरणाऱ्या पकडीचं, नट सैल केलं, जुना बिट काढून नवा घातला, पान्याने आवळलं. पाना अजून नटावरच होता आणि डाव्या हाताची बोटं बिटपासून चार बोटं लांब. वळताना कोपर टेबलावरच्या यूएसबी केबलला लागलं आणि केबल लॅपटॉपमधून निघाली.

राउटर त्याच क्षणी फिरला. पाना हातातून सुटला, बाल्कनीच्या भिंतीवर आपटला आणि तिथला गिलावा नाण्याएवढा उडाला. मी मागे कशी झाले ते आठवत नाही. आठवतो तो आवाज, आणि भिंतीवरचं बटण बंद करायला गेलेला हात किती थरथरत होता ते. अंगठ्याला मुका मार बसला, नख काळंनिळं झालं. एवढ्यावर निभावलं. त्या दिवशी पाना नटावरून निघालेला असता आणि बोटं अजून थोडी पुढे असती, तर हे मी टाइप करू शकले नसते.

रात्री शांतपणे कागदावर काढलं तेव्हा कळलं काय झालं होतं ते. रिलेला तीन टोकं. कॉम, एनओ आणि एनसी. कॉइलमध्ये करंट नसताना कॉम आणि एनसी जोडलेले असतात, करंट आला की कॉम तिथून सुटून एनओला चिकटतो. माझा बोर्ड असा, की पाय खाली गेला, म्हणजे शून्य व्होल्टला आला, की कॉइल ओढते. बाजारातले बहुतेक बोर्ड असेच. जीआरबीएल मात्र कूलंट बंद ठेवायला पाय शून्यावर ठेवतो. म्हणून बल्ब उलटा. एनसीला वायर लावून मी ते सुलटं केलं खरं, पण त्याचा अर्थ असा झाला की राउटर बंद ठेवायला कॉइलला सतत करंट हवा. तो करंट यूएसबीतून येत होता. केबल निघाली, कॉइल सुटली, एनसी जुळला, राउटरला लाइट मिळाली.

कनेक्ट करताना बल्ब का पेटायचा तेही तेव्हाच उमगलं. लॅपटॉपने पोर्ट उघडलं की अर्डुइनो रिसेट होतो आणि जीआरबीएल जागा होईपर्यंत त्याचे पाय अधांतरी असतात. तेवढा वेळ कॉइल सुटलेली. बल्ब मला आठवडाभर आधीपासून हेच सांगत होता.

गावी लाइट रात्री-अपरात्री येते. आमच्या विहिरीवरच्या मोटरला स्टार्टर होता, हिरवं बटण आणि लाल बटण. लाइट गेली की स्टार्टर पडायचा. परत आली तरी मोटर सुरू होत नसे, कुणीतरी जाऊन हिरवं दाबायला लागे. आजूबाजूच्या शेतांत सगळ्यांनी ‘ऑटो’ बसवले, लाइट आली की मोटर आपोआप सुरू. वडिलांनी बसवला नाही. म्हणायचे, “मी फुटबॉल काढायला विहिरीत उतरलेला असेन आणि लाइट यायची.” फुटबॉल म्हणजे विहिरीतल्या पाइपच्या तळाशी असतो तो व्हॉल्व्ह. मी त्यांची मुलगी, आणि मी माझ्या बाल्कनीत ऑटोच बसवला होता, तोही लाइट गेल्यावर सुरू होणारा.

मग सगळं सोडवून पहिल्यापासून केलं. यावेळी प्रत्येक वायरला एकच प्रश्न विचारत गेले: तू तुटलीस, निघालीस किंवा तुझ्यातली वीज गेली, तर काय होईल?

राउटरची वाट एनओमधूनच जायची, हे पहिलं ठरलं. उलटेपणा दुसऱ्या बाजूला मिटवायचा. त्याचा एक मार्ग म्हणजे जीआरबीएलमध्येच कूलंटचा पाय उलटा करून ते पुन्हा चढवणं. तशी सोय आहे आणि ते बरोबरही चालतं. पण उद्या कुणी, कदाचित मीच, नवीन आवृत्ती चढवली आणि ती एक ओळ विसरले, तर रिले पुन्हा उलटा होणार. बोटांची सुरक्षितता एका ओळीवर टांगून ठेवायला मन धजेना. म्हणून बोर्डाची जोडणीच बदलली.

या बोर्डावर प्रत्येक रिलेआधी एक ऑप्टोकप्लर असतो. काळ्या चिपच्या आत एक छोटा एलईडी आणि समोर त्याचा उजेड पाहणारा ट्रान्झिस्टर. दोघांमध्ये तारेचा संबंध नाही, फक्त उजेडाचा. व्हीसीसीच्या टोकाने करंट आत येतो, एलईडीतून जातो आणि आयएन-१मधून बाहेर पडतो. मी ए३ची वायर व्हीसीसीला लावली आणि आयएन-१ अर्डुइनोच्या ग्राउंडला, म्हणजे शून्य व्होल्टच्या टोकाला. आता ए३ वर गेला तरच एलईडी पेटतो. पाय अधांतरी असो, केबल निघालेली असो, अर्डुइनो जळालेला असो, एलईडी विझलेलाच. त्यात जेमतेम २ मिलीअ‍ॅम्पिअर जातात, पायाला त्याचा भार नाही.

पण हे करण्याआधी जेडी-व्हीसीसी (कॉइलला वीज देणारं टोक) आणि व्हीसीसी यांच्यावरची छोटी टोपी, म्हणजे जंपर, काढलाच पाहिजे. तो राहिला तर कॉइलचे ७० मिलीअ‍ॅम्पिअर थेट ए३मधून ओढले जातील आणि तो पाय जाईल. जंपर काढून जेडी-व्हीसीसीला वेगळ्या ५ व्होल्टच्या अ‍ॅडॉप्टरचा प्लस दिला आणि शेजारच्या ग्राउंडला त्याचाच मायनस. अर्डुइनोचा ग्राउंड तिथे लावायचा नाही. लावला तर ऑप्टोकप्लरने वेगळं केलेलं आपण पुन्हा एक करतो. शेवटी मल्टीमीटर बीपवर ठेवून दोन्ही ग्राउंडना टोकं टेकवली. बीप नाही. तेव्हा पुढे गेले.

आता मोटरचा भार. रिलेवरचे १० अ‍ॅम्पिअर हे बल्ब-हीटरसारख्या साध्या भारासाठी. माझा व्हॅक्यूम १२०० वॉटचा, म्हणजे २३० व्होल्टवर चालताना पाच अ‍ॅम्पिअरच्या वर आणि सुरू होताना त्याच्या कितीतरी पट. असा झटका रोज बसला की रिलेच्या पट्ट्या एक दिवस एकमेकींना चिकटतात, आणि चिकटलेला रिले एम९ ऐकत नाही. म्हणून निळ्या रिलेकडे फक्त हलकं काम ठेवलं. तो कॉन्टॅक्टरची, म्हणजे जड भारासाठीच्या मोठ्या रिलेची, कॉइल ओढतो, आणि राउटर-व्हॅक्यूमच्या सॉकेटांना लाइट देतो तो कॉन्टॅक्टर. कॉन्टॅक्टरच्या आधी वडिलांचा स्टार्टर. म्हणजे दुसरा कॉन्टॅक्टर, हिरवं बटण, लाल बटण आणि एक मोठं मशरूम बटण, तळहाताने मारता येईल असं. लाइट जाऊन आली तरी हिरवं दाबल्याशिवाय मशीनला काहीही मिळत नाही. स्टेपरचा २४ व्होल्टचा सप्लायही या स्टार्टरच्या पुढेच ठेवला.

फेज कुठली हे टेस्टरने पाहिलं म्हणून बरं. सॉकेट समोरून पाहताना अर्थ वर, फेज उजवीकडे, न्यूट्रल डावीकडे, असं असायला हवं. आमच्या बाल्कनीतल्या सॉकेटमध्ये उलटं होतं. तसंच राहिलं असतं तर कॉन्टॅक्टरने न्यूट्रल तोडला असता आणि राउटर बंद दिसूनही त्याच्यात फेज उभी राहिली असती. वायरमनदादांकडून ते सॉकेट सुधारून घेतलं, मशीनच्या फ्रेमला अर्थिंग दिलं, आणि त्या लाइनवर ३० मिलीअ‍ॅम्पिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळाला की लाइन तोडणारा स्विच, बसवून घेतला. ही कामं त्यांच्या हातची, मी त्यांच्या हातूनच करून घेतली. एनसीची गोष्ट सांगितल्यावर ते बराच वेळ भिंतीवरच्या खड्ड्याकडे बघत उभे होते.

बॉक्स प्लॅस्टिकचा घेतला, मधे आडवी भिंत घातली. एका बाजूला २३०, दुसऱ्या बाजूला ५ आणि २४, कुठलीही वायर भिंत ओलांडत नाही. निळ्या रिलेचा बोर्डच त्या भिंतीच्या खाचेत उभा केला, कॉइलची बाजू इकडे आणि स्क्रूची तिकडे. बोर्डाच्या पाठीमागचे झाळ उघडे असतात आणि त्यात २३० असतं, म्हणून तो नायलॉनच्या स्पेसरवर. वायरीच्या टोकांना पिन लग, म्हणजे धातूच्या छोट्या टोप्या, दाबून बसवले. आधी मी टोकांना झाळ देऊन स्क्रूखाली धरायचे. झाळ मऊ असतो, दाबाखाली हळूहळू बसत जातो आणि काही महिन्यांनी तोच स्क्रू हाताने फिरतो. सैल टोक तापतं.

एवढं झाल्यावर वाटलं, झालं. पण कॉन्टॅक्टर सुटला की दर तीन-चार वेळांतून एकदा जीआरबीएल ‘अलार्म १’ देऊन थांबायचं. हार्ड लिमिट लागला म्हणे, आणि मशीन तर टेबलाच्या मध्यावर. कॉन्टॅक्टरच्या कॉइलमध्ये साठलेली ताकद सुटताना रिलेच्या फटीत ठिणगी पाडत होती. अंधार करून पाहिलं, तर निळ्या रिलेच्या झाकणाच्या कडेने बारीक जांभळट चमक दिसली. ती ठिणगी लिमिट स्विचच्या लांब वायरींना ‘ऐकू’ जात होती. ती ताकद जिरवायला कॉन्टॅक्टरच्या कॉइलच्या दोन टोकांवर १०० ओहमचा रेझिस्टर आणि ०.१ मायक्रोफॅरडचा एक्स-२ कपॅसिटर सिरीजमध्ये लावला. कपॅसिटर एक्स-२च हवा, मेन्सवर बसायला बनवलेला. चमक गेली. लिमिटच्या वायरी मेन्सच्या वायरींपासून सोडवून शील्ड केबलमधून नेल्या, तिची जाळी एकाच टोकाला ग्राउंड केली आणि प्रत्येक लिमिटच्या पायाशी ०.१ मायक्रोफॅरडचा छोटा कपॅसिटर दिला. त्यानंतर खोटा अलार्म आलेला नाही.

शेवटची त्रुटी तपासणीत सापडली, आणि ती मला सगळ्यात जास्त हादरवून गेली. बल्ब लावून, एम८ देऊन मेन स्विच बंद केला, लाइट गेल्यासारखं. सगळं पडलं. मेन चालू केला, काही नाही, छान. हिरवं दाबलं, आणि बल्ब लगेच पेटला. लॅपटॉप बॅटरीवर चालू होता, अर्डुइनो त्याच्यावर जिवंत होता आणि त्याच्या दृष्टीने एम८ अजून लागूच होता. मशरूम दाबून सोडलं तरी तेच झालं असतं.

यावर उपाय निघाला तो त्याच एनसीमधून. २४ व्होल्टच्या सप्लायवर एक छोटा २४ व्होल्टचा रिले बसवला, कॉइलवर डायोड देऊन. त्याचे कॉम आणि एनसी शील्डवरच्या ‘अ‍ॅबॉर्ट’च्या पायाला आणि ग्राउंडला. मशीनला वीज आहे तोवर एनसी उघडा. स्टार्टर कोणत्याही कारणाने पडला, २४ व्होल्ट गेले, की एनसी जुळतो, अ‍ॅबॉर्टचा पाय ग्राउंडला जातो आणि जीआरबीएल रिसेट होऊन एम८ पुसलं जातं. सगळं कमी व्होल्टच्या बाजूला, भिंत न ओलांडता. इथे वीज गेल्यावर जुळणाराच कॉन्टॅक्ट हवा होता, कारण इथे जुळणं म्हणजे ‘थांब’ म्हणणं.

मग एक संध्याकाळभर बल्बवरच चाचण्या. एम८ चालू असताना यूएसबी ओढली: बल्ब विझला. परत लावून कनेक्ट केलं: विझलेलाच, लुकलुकणंही नाही. ५ व्होल्टचा अ‍ॅडॉप्टर काढला: विझला. मशरूम मारलं, सोडलं, हिरवं दाबलं: विझलेला. मेन घालवून आणला: विझलेला. फीड होल्ड (काम मधेच थांबवायची आज्ञा) दिला: बल्ब चालूच राहिला, कारण जीआरबीएल फीड होल्डमध्ये फक्त हालचाल थांबवतं, स्पिंडल आणि कूलंट नाही. हे एका कागदावर लिहून मशीनसमोर चिकटवलं, घरातलं दुसरं कुणी मशीनजवळ आलं तर त्यालाही कळावं म्हणून. प्रत्येक चाचणी पाच वेळा केली. दहा वाजता राउटरचा प्लग बल्बच्या जागी गेला.

पहिली पाटी लावली ती वडिलांच्या नावाची, गावच्या घरासाठी. एम८नंतर फाइलमध्ये जी४ पी३ घातलाय, म्हणजे राउटर पूर्ण वेगात येईपर्यंत तीन सेकंद मशीन थांबतं आणि मगच बिट लाकडाला टेकतो. पाटी संपली, एम९ आला, कॉन्टॅक्टर टक् करून सुटला, राउटर हळूहळू थांबला, व्हॅक्यूमचा पाइप सैल पडला.

बिट बदलायला उठले तेव्हा आधी राउटरचा प्लग सॉकेटमधून काढला आणि टेबलावर समोर ठेवला, त्याच्या पिना मला दिसतील असा. मग पाना हातात घेतला.